तुम्ही विचारलंत म्हणून: रोजकीर्द आणि खतावणी

‘सगळं मनातूनच काढायचं असतं ना, मग दिवसभर तुम्ही करता तरी काय?’ फँटसी कादंबऱ्यांची मालिका लिहिणाऱ्याला हा प्रश्न हटकून विचारला जातो. कुतूहलाने विचारतात तसाच थोड्या संशयानेही विचारतात. खरं उत्तर जरा रुक्ष आहे. सकाळी रोजकीर्द लिहायची, म्हणजे त्या दिवसाचा मजकूर, आणि दुपारी तिची खतावणी करायची, म्हणजे त्यातल्या नोंदी आपापल्या खात्यांत टाकायच्या. जुन्या हिशेबनिसांचे हे दोन शब्द या कामाला इतके चपखल बसतात की दुसरे शोधावेसे वाटत नाहीत. पहिल्या पुस्तकात लेखक मनाचा राजा असतो. तिसऱ्यात मात्र आधीच्या दोन पुस्तकांचा कारकून होतो, आणि कारकुनी चुकली की वाचक चूक पानासकट दाखवून देतात.

आधी आकडे. मालिकेतलं एक पुस्तक साधारण सव्वा लाख शब्दांचं धरू. डेमी आकाराच्या पानावर तीनशे शब्द बसले तर चारशे-सव्वाचारशे पानं, म्हणजे छापखान्याच्या भाषेत सोळा-सोळा पानांचे पंचवीस-सव्वीस फॉर्म. दिवसाला आठशे शब्द आणि आठवड्याचे पाच दिवस हा टिकणारा वेग आहे, आणि त्या वेगाने पहिला खर्डा व्हायला तीस-एकतीस आठवडे लागतात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे दिवसाला दोन हजारांचे आकडे ऐकून खट्टू होऊ नये. ‘डोंगरावरूनसुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द आहे, तिकडे त्याचे चार-पाच होतात. खर्ड्यानंतरच्या पुनर्लेखनाला तेवढाच वेळ लागतो, पुष्कळदा जास्त.

आठशे शब्दांना अडीच ते तीन तास पुरतात, त्यातली पहिली वीस मिनिटं कालची शेवटची दोन पानं वाचण्यात जातात. दोनच पानं. प्रकरण पहिल्यापासून वाचायला घेतलं की हात दुरुस्तीकडे वळतो आणि सकाळ संपते. लिहिता लिहिता एखाद्या घाटाचं नाव किंवा सरदाराच्या घोड्याचा रंग आठवला नाही तर शोधायला उठायचं नाही. मजकुरात कधीच न येणारी खूण, समजा दोन चौकोनी कंस, टाकून पुढे जायचं. दुपारी त्या खुणेचा शोध घेतला की दिवसभराची सगळी भोकं एकापाठोपाठ एक सापडतात. आणि थांबायचं ते प्रसंग अर्धा असताना, पुढचं वाक्य ठाऊक असताना. प्रकरण संपवून उठलं की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागतं.

दुपारी खतावणी. सकाळी जे लिहिलं त्यातली प्रत्येक नवी वस्तुस्थिती आपापल्या खात्यात जाते: माणसं, जागा, तिथी, वस्तू, जखमा, जादूचे नियम. याला पाऊण तास पुरतो, पण रोज केलं तरच. आठवडाभर तुंबलं की अख्खा दिवस जातो. नोंद करताना सारांश लिहायचा नाही, मूळ वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि पुढे पुस्तक व प्रकरण टाकायचं. ‘डाव्या हाताला दुखापत’ अशी नोंद काही कामाची नसते. मूळ वाक्यात ‘दोन बोटं कायमची आखडली’ असेल, तर तिसऱ्या पुस्तकात त्याच हाताने धनुष्य ताणता येणार नाही, आणि ते फक्त मूळ वाक्यातूनच कळतं. शिवाय प्रत्येक नोंदीला रंग हवा. छापून गेलेलं लाल, खर्ड्यात लिहिलेलं पण अजून बदलता येण्यासारखं निळं, नुसतं मनात ठरवलेलं साध्या पेन्सिलीने. मालिकेतले निम्मे गोंधळ होतात ते मनातलं आणि छापलेलं यांची सरमिसळ झाल्यामुळे. एखादी गोष्ट दोन वर्षं डोक्यात घोळली की ती वाचकालाही माहीत आहे असंच वाटू लागतं.

सगळ्यात जास्त चुका ज्या खात्यात सापडतात ते मात्र नवशिके उघडतच नाहीत: कोणाला काय ठाऊक आहे. राजा मेला हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणात कळलं, पण चार दिवसांच्या वाटेवरच्या किल्ल्यात ते कोणी सांगितलं? सातव्या प्रकरणात किल्लेदार हळहळत असेल तर मधे एक जासूद पोचलेला हवा. म्हणून प्रत्येक गुपिताला एक ओळ ठेवायची. त्यात कळलेल्या माणसांची नावं, कळल्याचा दिवस आणि सांगणारा. हे खातं नीट ठेवलं तर कथानकाची कितीतरी वळणं त्यातच सापडतात, कारण ज्याला अजून ठाऊक नाही असा माणूस नेहमीच उपयोगाचा असतो.

आता नावं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीत ही अडचण फार वेगळी आहे आणि परभाषेतल्या मार्गदर्शनात तिचा मागमूस नसतो. आपल्याकडे नाव ठेवून भागत नाही, ते चालवावं लागतं. ‘मोरवा’ नावाचा योद्धा कागदावर झकास दिसतो. त्याला चतुर्थीचा ‘ला’ लावा. ‘मोरवाला’ झाला, म्हणजे मोर विकणारा. तेच गावाचं नाव असेल तर सामान्यरूप होऊन, म्हणजे प्रत्ययाआधी रूप बदलून, ‘मोरव्याला’ होतं आणि गाव बचावतं. म्हणून कुठलंही नाव पक्कं करण्याआधी त्याला ने, ला, चा, त, हून हे सगळे प्रत्यय लावून मोठ्याने म्हणून बघायचं.

कल्पित प्राण्यांना तर लिंगसुद्धा आपणच द्यायचं. ‘झुरंग’ नावाचा पक्षी आहे असं समजा. तो झुरंग असेल तर अनेकवचन ते झुरंग, आणि प्रत्यय लागला की झुरंगाला. ती झुरंग असेल तर पुन्हा दोन वाटा फुटतात: ‘वीट, विटा, विटेला’च्या चालीने झुरंगा आणि झुरंगेला, की ‘भिंत, भिंती, भिंतीला’च्या चालीने झुरंगी आणि झुरंगीला? दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच मालिकेत दोन्ही आली तर वाचक अडखळतो, आणि का अडखळतो हे त्याला सांगता येत नाही. एकवचन, अनेकवचन, सामान्यरूप आणि ऱ्हस्वदीर्घ, चारही गोष्टी खात्यात पहिल्याच दिवशी लिहायच्या. हीच यादी पुढे मुद्रितशोधकाला द्यायची असते. कल्पित नाव कुठल्याच कोशात नसल्यामुळे ते चुकलंय हे त्याला दुसऱ्या कशावरून कळणार?

क्रियापदंही चहाडखोर असतात. बुरखा घेतलेली व्यक्ती पुरुष की बाई हे दुसऱ्या पुस्तकापर्यंत लपवायचं असेल तर ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणताच गुपित फुटतं. ‘मी’च्या तोंडून निवेदन केलं तर ‘गेलो’ आणि ‘गेले’ तिथेही घात करतात. यावर उपाय असा की व्यक्तीऐवजी नामालाच पुढे करायचं. ‘ती आकृती आली, ती सावली सरकली’ यात स्त्रीलिंग आहे ते शब्दाचं, त्यामुळे खोटंही बोललं जात नाही आणि काही उघडही होत नाही. ‘तो स्वार’ लिहून मागाहून ती बाई निघाली तर काही वाचक फसवणूक झाली म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

शिवाय अरेतुरेचा तक्ता. आडव्या ओळीत बोलणारा, उभ्या रकान्यात ऐकणारा आणि चौकटीत तू, तुम्ही किंवा आपण. वीस पात्रांचा तक्ता भरायला एक सकाळ जाते, पण मग पाचव्या पुस्तकातला सेनापती राणीला चुकून ‘तू’ म्हणत नाही. आणि तो मुद्दाम ‘तू’ म्हणाला तर त्या एका अक्षराने पानभर संवादाचं काम होतं.

अंतरांचं गणित त्या मानाने सोपं आहे, तरी गचाळपणा तिथेच जास्त. ओझं घेऊन चालणारा माणूस चांगल्या वाटेने दिवसाला पंचवीस किलोमीटर जातो, बैलगाडी पंधरा ते वीस. एकच घोडा रोज चालवायचा तर चाळीस-पन्नासच्या पुढे धरू नये. रात्रंदिवस दौड ठोकायची असेल तर टप्प्याटप्प्याला ताजे घोडे हवेत, आणि ते तिथे कोणी बांधून ठेवले हे लेखकाला ठाऊक हवं. सैन्याची वेगळीच तऱ्हा. दहा हजार माणसं चार-चारच्या रांगेत, दोन रांगांत दोन मीटर अंतर ठेवून निघाली तर ओळ पाच किलोमीटर लांब होते. ताशी चार किलोमीटरने पुढचा माणूस मुक्कामाला पोचल्यावर शेवटचा सव्वा तासाने येतो. मग ‘सैन्य क्षणात वळलं’ हे वाक्य लिहवत नाही. घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो चारा लागतो. शंभर घोड्यांना दहा दिवसांचा म्हणजे जवळपास दहा टन. एका गाडीत अर्धा टन धरला तर वीस गाड्या, आणि त्या ओढणाऱ्या बैलांचा चारा निराळा.

चंद्राबाबत तर मराठी वाचक फार कडक. मध्यरात्री डोक्यावर चंद्रकोर लिहिलीत की संपलं. कोर दिसते ती सूर्यास्तानंतर पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, आणि मावळत्या सूर्यासमोर पूर्वेला उगवतो तो पौर्णिमेचा. सोय अशी करता येते की कल्पित जगाचा महिना बरोबर तीस दिवसांचा ठेवायचा आणि शुद्ध प्रतिपदेला सुरू करायचा. मग तारीखच तिथी होते: आठ तारखेला सूर्यास्ताच्या वेळी अर्धा चंद्र डोक्यावर, पंधराला पौर्णिमा, तेवीसला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार. दोन चंद्र ठेवायची हौस असेल तर दुसऱ्याचं चक्र वीस दिवसांचं ठेवा. दोघांची पौर्णिमा दर साठ दिवसांनी एकत्र येईल आणि सणसमारंभांची यादी आपोआप तयार होईल. सत्तावीस दिवस ठेवलंत तर दोनशे सत्तर दिवस वाट बघा. एका भयंकर भाकितासाठी तेही चालेल. आणि तिथे ‘पाच मिनिटांत’ लिहू नये हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे चोवीस मिनिटांची घटका आणि चोवीस सेकंदांचं पळ आयतं आहे.

जादूचं खातं मी शेवटी उघडतो, कारण त्यात मोह फार. तिसऱ्या पुस्तकात नायक अडकला की त्याला एखादी नवी शक्ती बहाल करावीशी वाटते. अशा वेळी आधीच्या पुस्तकांतले ज्या ज्या प्रसंगी ती शक्ती उपयोगी पडली असती ते सगळे कागदावर काढायचे आणि प्रत्येकापुढे उत्तर लिहायचं: तेव्हा का नाही वापरली? तीन ठिकाणी उत्तर जमलं नाही तर शक्ती रद्द. छापलेलं मागे जाऊन बदलता येत नाही. तरी बदलल्याचं एक विख्यात उदाहरण आहे म्हणा. टॉल्किनची ‘द हॉबिट’ ही फँटसी कादंबरी १९३७ साली निघाली तेव्हा त्यातली अंगठी अगदीच निरुपद्रवी होती. पुढची कथा त्या अंगठीभोवती वाढली तशी टॉल्किनने नायकाला ती अंगठी मिळते ते कोड्यांचं प्रकरण नव्याने लिहिलं, ते १९५१च्या आवृत्तीत आलं, आणि आधीची हकिगत म्हणजे पात्राने मारलेली थाप होती असं ठरलं. झाकण्याची ही रीत अप्रतिम आहे, पण तिच्या भरवशावर कोणी राहू नये. प्रत्येक मालिकेत थाप मारणारं पात्र योग्य जागी नसतं.

एवढ्यावर दिवस संपत नाही, कारण मालिकेची दोन-तीन पुस्तकं एकाच वेळी टेबलावर असतात: एक प्रुफांत, एक खर्ड्यात, एक टिपणांत. प्रुफं आली की दोन-तीन आठवडे सकाळही त्यांचीच. मजकूर युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये गेला असेल तर जोडाक्षरं तपासायची, आणि तुटतात ती नेमकी कल्पित नावांतली. संगणकावरचा शोधही फसवतो. ‘ऱ्या’ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, दिसतो मात्र सारखाच. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने टंकलेले उल्लेख निसटतात. आणि गावाचं नाव शोधायचं तर ‘मोरवा’ नव्हे, ‘मोरव’ एवढंच टंकायचं, म्हणजे ‘मोरव्याहून’ही हाती लागतं. बोलून टंकायची सोय कल्पित नावांना निरुपयोगी. यंत्र ओळखीचा शब्द बसवून मोकळं होतं.

नवं पुस्तक सुरू करण्यापूर्वी आधीची सगळी पुन्हा वाचायची, पेन्सील हातात घेऊन, दिवसाला पन्नास पानं. चारशे पानांच्या पुस्तकाला आठ दिवस. या वाचनात सापडतं ते उधारीच्या पानावर जातं: दिलेली वचनं, न उघडलेल्या पेट्या, ‘ते पुन्हा कधीतरी सांगेन’ म्हणून निघून गेलेले म्हातारे. एखादी उधारी फिटली की पान क्रमांक टाकून खोडायची. काही फिटत नाहीत, कारण त्यांची जागाच कथेत उरत नाही. त्या बुडीत खात्यात टाकायच्या. वाचकांची सर्वात जास्त पत्रं त्यांच्याबद्दलच येतात.