नागावच्या ग्रिलचा पंचनामा

कामाच्या कागदावर तक्रारीच्या रकान्यात ‘बॉडीला गंज’ एवढंच होतं. त्याखाली ऑफिसातल्या कोणीतरी पेन्सिलीने निकालही लावून ठेवला होता : ‘पावसात उघडी ठेवली. वॉरंटी लागू नाही.’ मी हॉटेल-किचनच्या साहित्याची दुरुस्ती करतो. शेगड्या, ओव्हन, तंदूर, आणि हल्ली बार्बेक्यूच्या गॅस ग्रिल. वस्तू बघायच्या आधीच लिहिलेला निष्कर्ष मला चालत नाही, कारण त्याखाली सही माझी असते.

पाऊस नुकताच सरला होता, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. मांडव्याला उतरून नागावला पोचलो. नारळी-पोफळीच्या वाडीतला छोटा होमस्टे, मागच्या कुंपणापलीकडे सुरूची झाडं आणि लगेच समुद्र. काका-काकू दोघंच चालवतात, हाताशी एक मुलगा. शनिवार-रविवारी पाहुण्यांना ग्रिलवर सुरमई, कोळंबी, पनीर भाजून देतात.

“तुम्हीपण पावसाचंच सांगायला आलात ना?” काकूंनी पाणी देता देताच विचारलं.

“काकू, आधी बघतो. मग बोलू.”

ग्रिल मागच्या पडवीत होती. तिची पाठ समुद्राकडे, छपराच्या आत. समोरचा भाग पागोळ्यांच्या बाहेर आलेला. कव्हर पहिल्याच पावसाळ्यातल्या वाऱ्याने फाटलं, ते पुन्हा आणलं नाही, असं काकांनी सरळ सांगितलं. म्हणजे पेन्सिलीने लिहिलेलं अर्धं वाक्य खरं होतं. पण त्या वाक्याप्रमाणे पावसात भिजणारी बाजू जास्त गंजायला हवी होती. प्रत्यक्षात हूडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, समोरचा भाग चांगला चकाकत होता. तपकिरी डाग होते ते हँडलच्या खाली, हूडच्या आतल्या कडेला आणि सगळ्यात वाईट अवस्था पाठीमागे, जिथे पावसाचा थेंबही पोचत नव्हता.

किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. साध्या पाण्याने त्या थराला काही होत नाही. त्याला पोखरतात ते मिठातले क्लोराइड. खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येऊन पत्र्यावर बसतं आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटावं तसं ते हवेतली ओल ओढून घेतं. मग पत्र्यावर दाट खारट पाण्याचा थर तासन्‌तास राहतो. उघड्यावरच्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. आडोशाला बसलेलं मीठ धुवायला कोणीच येत नाही. या ग्रिलच्या पुढच्या बाजूला पावसाने वाचवलं होतं. मी काकांना हूडवरून हात फिरवायला लावला, मग तोच हात पाठीमागे. बोटांना बारीक खरखर लागली तेव्हा ते काही न बोलता काकूंकडे बघायला लागले.

आता प्रश्न गंजाच्या खोलीचा. वॉरंटीची पुस्तिका काकूंनी बिलासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, त्याचा मला फार आनंद झाला. हे कागद सापडत नाहीत आणि निम्म्या तक्रारी तिथेच मरतात. पुस्तिकेत लिहिलं होतं की वरवरचा गंज आणि रंग बदलणं वॉरंटीत नाही, पण हूड किंवा बॉडीचा पत्रा आरपार गेला तर पाच वर्षं, आणि बर्नरला दोन वर्षं. कव्हर घालण्याची शिफारस होती, अट नव्हती. हा फरक मी ऑफिसला पाठवायच्या फोटोत पेनाने अधोरेखित केला.

हूडवरचे डाग साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या घासणीने पुसले, बरेचसे गेले. ते वरवरचे. मागच्या पॅनलच्या खालच्या कडेला मात्र स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर न लावता, आणि ते पलीकडे गेलं. ओळीने भोकं. खिशातून लोहचुंबक काढलं. हूडवर ते चिकटेना, मागच्या पॅनलच्या सपाट भागावर घट्ट बसलं. हे सपाट भागावरच बघावं लागतं, कारण एरवी चुंबक न धरणाऱ्या ३०४ या जातीच्या स्टेनलेसचा पत्राही वाकवलेल्या कडेवर थोडाफार चुंबक धरतो. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. चुंबक धरणाऱ्या ४३०मध्ये क्रोमियम असतं, निकेल जवळपास नसतंच, आणि खाऱ्या हवेत ते फार लवकर हार मानतं. समुद्रकाठाला खरं तर ३१६ हवं, ज्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, पण ती किंमत घरगुती ग्रिलला परवडत नाही. ते समजू शकतो. मात्र पिशवीतल्या जाहिरातीच्या पत्रकावर ‘संपूर्ण बॉडी ३०४’ असं छापलेलं होतं. मी चुंबक चिकटलेल्या पॅनलशेजारी ते पत्रक धरून फोटो काढला. (नुसत्या चुंबकावर विसंबू नये. स्वस्तातलं २०२ही चुंबक धरत नाही आणि ३०४ म्हणून खुशाल विकलं जातं.)

खालचं कपाट उघडलं तेव्हा वेगळंच दिसलं. डाव्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला काळपट बारीक खड्डे पडले होते, आणि त्याच्या मागे फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली, झाकण सैल.

“ही इथे कोण ठेवतं?”

“मी,” मुलगा म्हणाला. “हाताशी असावी म्हणून.”

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ म्हणजे थेट क्लोराइडच. बंद कपाटात ती स्टीलला सोडत नाही. “काकू, हा दरवाजा मला वॉरंटीत घालता येणार नाही,” मी म्हणालो. त्या थोड्या नाराज झाल्या, पण म्हणाल्या, “जे आहे ते लिहा. मागचं पण तसंच लिहा म्हणजे झालं.”

खरी काळजी बर्नरची होती. जाळी आणि तवे काढून बघितलं तर एका बर्नरची भोकं गंजाच्या पापुद्र्यांनी बुजली होती आणि खालच्या शिवणीला चीर गेली होती. पेटवल्यावर ज्योत एका टोकाला पिवळी, आणि खालच्या चिरेतूनही निळी जीभ बाहेर, रबरी नळीच्या दिशेने. लगेच सिलिंडर बंद केला. त्या संध्याकाळी पुण्याहून पाहुणे येणार होते, मासळी आणून झाली होती. काकांनी विचारलं, “आजचा दिवस चालवू का?” मी नाही म्हटलं. वॉरंटीचा निकाल काहीही लागो, ही ग्रिल आज पेटणार नाही. रेग्युलेटर काढून काकांच्या हातात दिला आणि मुलाला कोळशाची शेगडी शोधायला पाठवलं.

अहवाल तिथेच पडवीत बसून लिहिला. हूड : वरवरचे डाग, वॉरंटीबाहेर. डावा दरवाजा : अ‍ॅसिडच्या वाफेने खराब, वॉरंटीबाहेर. मागचं पॅनल : आरपार गंज, पत्रा पत्रकातल्या दाव्याशी जुळत नाही. बर्नर : मुदतीत निकामी, धोकादायक. ऑफिसला फोन केला तर पलीकडून नवा मुद्दा आला, की होमस्टे म्हणजे व्यावसायिक वापर. बिल होमस्टेच्याच नावाने फाडलं होतं. विकताना हे दुकानदाराला माहीत होतं, पुस्तिकेत तशी अटही नव्हती. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरत नाहीत. काकांना मी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर दिला आणि जिल्हा ग्राहक आयोग अलिबागलाच आहे, तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, हेही सांगितलं. माझ्याच ऑफिसविरुद्ध सांगतोय असं मला वाटलं नाही. अहवालाची प्रत त्यांना मिळणं हा त्यांचा हक्कच.

निघण्याआधी काकूंना धुण्याची रीत दाखवली. आठवड्यातून एकदा, ग्रिल गार असताना, आधी पाठ आणि आडोशाचे कोपरे, मग पुढचा भाग. पाणी पिण्याचं वापरा, कारण त्यांच्या बोअरचं पाणी मी जिभेवर घेऊन बघितलं, ते मचूळ होतं. पत्र्याच्या रेघांच्या दिशेने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. तारेची घासणी नको. तिचे लोखंडी कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो. ब्लीच नको. भाजून झाल्यावर मीठ-मसाल्याचं पाणी ट्रेमध्ये रात्रभर ठेवू नका. बिडाच्या जाळीला घासून तेलाचा हात द्या. नवं कव्हर घ्या, पण ग्रिल वाळल्यावरच घाला, आणि ऊन पडलं की काढा, नाहीतर आतली ओल आतच राहते.

ऑफिसने दोनदा अहवाल बदलून मागितला. मी तेच फोटो पुन्हा पाठवले. अखेर पॅनल आणि बर्नर मोफत मंजूर झाले, पॅनल यावेळी चुंबक न धरणारं. ते बसवताना जुने स्क्रूही बदलले, कारण तेही गंजून पत्र्याला डाग देत होते. दरवाज्याचे पैसे काकूंनी भरले. माझ्या भेटीचा चार्ज भरायला मात्र काकांनी साफ नकार दिला, आणि तो ऑफिसला सोडावा लागला.