मटकीच्या शेजारी ब्रोकोलीचे मोड

लातूरच्या आमच्या घरी मोड म्हटले की मटकीच; त्यामुळे ओल्या फडक्यावर पसरलेले ब्रोकोलीचे बी पाहून आईने "ही कशाची उसळ?" असे विचारले, ते रास्तच होते. चौथ्या दिवशी दोन इवली पाने हिरवी झाली आणि चव लागली ती मुळ्यासारखी तिखट.

या तिखटपणातच सारे मर्म आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॉल टॅलले आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तीन दिवसांच्या कोंबांत ग्लुकोराफॅनिन हे द्रव्य पक्व गड्ड्याच्या १० ते १०० पट असू शकते. कोंब चावताना पेशी फुटतात, मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्या द्रव्याचे सल्फोराफेन बनवते आणि ते शरीरातील विषहारक विकरांना चालना देते. चीनमधील १२ आठवड्यांच्या एका चाचणीत कोंबांचे पेय घेणाऱ्यांच्या लघवीवाटे हवेतील प्रदूषक बेंझिनचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. कर्करोग टळतो, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

फोडणीत परतल्यास विकर नष्ट होते, म्हणून मी ते भाकरीसोबत कच्चेच खातो. शिजवलेच तर वरून मोहरीची पूड भुरभुरावी, तिच्यातही हे विकर असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ओलसर कोंबांत जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे गर्भवतींनी आणि लहान मुलांनी ते कच्चे खाऊ नयेत.