रात्रपाळीची लाईट आणि झोपेची गोळी

जुन्नर तालुक्यातील एका ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराची ओपीडी असते आणि मानसशास्त्रज्ञ म्हणून मी तिथे काम करते. डिसेंबर लागून उन्हाळी कांद्याच्या लागणी सुरू झाल्या, की झोपेची तक्रार घेऊन येणारे वाढतात. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा 8 तास, तर काही दिवस रात्री 10 तास. रात्रीची पाळी आली की माणसे बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, निघतात. उसाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्यामुळे एकट्याने जायची सोय नसते, म्हणून एकेका घरातील दोघादोघांची झोप मोडते. पुढे सांगते आहे तो प्रसंग अशाच एका जानेवारीतला आहे. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.

पंचेचाळिशीचे एक शेतकरी पत्नीबरोबर आले होते. केसपेपर टेबलावर ठेवता ठेवताच ते म्हणाले, "मॅडम, फक्त झोपेची गोळी लिहून द्या. बाकी मला काही नाही." गावातल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला होता, आणि त्या दुकानदाराबद्दल मला मनापासून आदर वाटला. झोपेसाठी मागितली जाणारी अल्प्राझोलामसारखी औषधे शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, मोडतात. त्यांची सवय लागते, आणि ती एकदम बंद केली की झोप पूर्वीपेक्षाही बिघडते. शिवाय ज्याला मध्यरात्री ओल्या जमिनीत उभे राहून स्टार्टर चालू करायचा आहे, त्याला गुंगीची गोळी देणे हा मोठाच धोका. मी त्यांना तसे सांगितले. ते नाराज झाले, पण उठून गेले नाहीत.

झोपेची तक्रार ऐकताना मी "झोप किती लागते?" असे विचारत नाही, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा "अजिबात नाही" असे येते. त्याऐवजी कालच्या दुपारपासून आज सकाळपर्यंतचा क्रम तासातासाने विचारते. त्यांचा क्रम असा निघाला: रात्रभर पाणी भरून सकाळी घरी आले, दोन कप चहा घेऊन जनावरांचे पाहिले, जेवून दुपारी तीन तास गाढ झोपले, संध्याकाळी पुन्हा दोनतीन कप चहा झाला, आणि रात्री साडेआठला "आज लाईट दिवसाची होती, आज तरी झोपू" म्हणून अंथरुणावर पडले. झोप काही आली नाही. मग मोबाईलवर कांद्याचे बाजारभाव, मग गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या कर्जाचा हिशोब, मग कूस बदलणे. गेल्या महिन्यापासून अधूनमधून क्वार्टर सुरू झाली होती. दारूने डोळा लवकर लागतो, परंतु उत्तररात्री तीच झोप मोडते. त्यामुळे पहाटे तीनला जाग आणि छातीत धडधड हा नेम झाला होता. हे सगळे चार महिन्यांपासून चालू होते.

आमच्याकडे नैराश्य तपासण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, जिच्यात मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारलेले असते आणि एकूण गुण 27 पर्यंत जातात. त्यांचे 17 झाले, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होते. यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयीचा असतो. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही वाटते. प्रत्यक्षात विचारल्याने धोका वाढत नाही, उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. म्हणून मी तो कधीही घाईने वाचत नाही आणि आडवळणानेही विचारत नाही. "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?"

ते बराच वेळ केसपेपरची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "फवारणीची औषधं पडवीतच असतात. परवा पाणी भरून आलो आणि तिथंच बसून राहिलो. धाकटी पाणी प्यायला उठली, म्हणून आत गेलो."

त्यांच्या पत्नीला यातले काहीच ठाऊक नव्हते. "अहो, मला एका शब्दाने बोलला नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या आणि नंतर माझ्याकडे वळून त्यांनी जे विचारले, ते ऐकून मला फार वाईट वाटले. "मॅडम, आता पोलीस केस होईल का?" नवरा मरणाच्या दारातून परतला आहे हे कळल्याच्या दुसऱ्या क्षणी एखाद्या बाईला पोलिसांची धास्ती घ्यावी लागते, हे आपल्या समाजाचे जुने दुखणे आहे. मनात विचार येणे हा गुन्हा नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार, ज्याने प्रयत्न केला आहे तोदेखील तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे असते आणि शिक्षेऐवजी त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर येते, हेही समजावले.

त्यानंतरचा तासभर आम्ही झोपेविषयी काहीच बोललो नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना तपासून नैराश्यावरचे औषध सुरू केले, तेही एका आठवड्यापुरते आणि पत्नीच्या ताब्यात. भरती व्हायला ते तयार नव्हते. मात्र घरात सतत कोणीतरी सोबत राहील आणि तीन दिवसांनी पुन्हा यायचे, हे दोघांनी मान्य केले. फवारणीची सगळी औषधे त्याच संध्याकाळी घरातून हलवायची आणि दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायची, यावर मी अडून बसले. आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळापुरती अनावर असते आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर जीव वाचणे अवलंबून असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथले आत्महत्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले, ते याचमुळे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी दोघांच्याही मोबाईलमध्ये साठवून दिला. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

औषधे ठेवायची कोणाकडे, हा प्रश्न निघाला आणि भावाचे नाव आले. वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण विहीर सामाईक होती. पत्नी म्हणाल्या, "भाऊजी नाही म्हणणार नाहीत. ह्यांनी शब्द टाकला नाही, एवढंच." नवऱ्याला विचारून त्यांनी ओपीडीच्या बाहेरूनच दिराला फोन केला. मी सुचवलेल्या कोणत्याही उपायापेक्षा तो फोन अधिक उपयोगी ठरला, असे माझे मत आहे.

झोपेचे काम पुढच्या भेटींपासून सुरू झाले. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वर्तनोपचार करावेत, हे आता जगभर मान्य आहे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेनेही 2016 मध्ये तशीच शिफारस केली. या उपचारांतल्या दोन मुख्य रीती बऱ्याच जुन्या आहेत. झोप येत नसेल तर अंथरूण सोडून उठायचे, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडली, आणि अंथरुणावरचा वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच आखायचा, ही त्यांच्याच देशातले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये. दुसरी रीत कोणालाही पटकन पटत नाही. "आधीच झोप नाही आणि तुम्ही उशिरा झोपा म्हणता?" असे त्यांनीही विचारले. त्यावर मी विहिरीचाच दाखला दिला: जागेपणी झोपेची भूक झऱ्यासारखी हळूहळू साठत जाते, आणि ती विहीर दुपारीच उपसली तर रात्री मोटर कोरडी चालते. ते पहिल्यांदाच थोडे हसले.

आठवडाभर त्यांच्या मुलीने वहीत नोंदी ठेवल्या. अंथरुणावर साडेनऊ तास आणि झोप जेमतेम पाच तास, असा सरासरी हिशोब निघाला. म्हणून दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात रात्री 11 ते पहाटे 5 एवढाच वेळ अंथरुणाचा ठरला. त्यांना शेतात रात्री काम असल्याने आणि नैराश्य असल्याने सहा तासांखाली जाणे मला योग्य वाटले नाही. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात भावाने निम्मी पाळी उचलली. दोनपर्यंत हे आणि यांचा मोठा मुलगा, त्यानंतर भाऊ आणि त्याचा गडी. घरी येऊन 2 ते 7 झोप आणि दुपारी फार तर दीड तास. असे केल्याने रात्री 2 ते 5 हे तास दोन्ही आठवड्यांत झोपेचेच राहिले आणि शरीराच्या घड्याळाला एक ठरलेली खूण मिळाली. पाणी भरण्याच्या रात्री मध्यरात्रीनंतर चहा बंद आणि एरवी दुपारी चारनंतर बंद, कारण चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाचसहा तासांनीही रक्तात शिल्लक असतो. क्वार्टर मात्र बंद व्हायला वेळ लागला.

चिंतांसाठी वेगळी वही केली. संध्याकाळी सातच्या सुमारास वीस मिनिटे बसून एका बाजूला उद्या करता येण्याजोगे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या हातात नसलेले लिहायचे. कांद्याचा भाव रोज दुसऱ्या बाजूला यायचा. पहिल्या बाजूला एकदा "सोसायटीच्या सचिवांना भेटणे" असे आले आणि ते खरोखरच जाऊन कर्जाच्या मुदतीविषयी बोलून आले. पहाटे धडधड झाली, तर चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, तोही अंथरुणावर नाही, ओसरीवर बसून.

पहिला आठवडा वाईट गेला. चिडचिड वाढली आणि सगळे सोडून देण्याची भाषा झाली. असे होणार हे मी पत्नीला आधीच सांगून ठेवले होते. महिनाभराने दिवसाच्या आठवड्यांत झोप सलग साडेपाच तासांवर आली, तेव्हा अंथरुणाची वेळ पंधरा पंधरा मिनिटांनी वाढवली. मरणाचे विचार त्याच सुमारास विरळ होऊन थांबले. प्रत्येक भेटीत मी तो प्रश्न तितक्याच स्पष्टपणे विचारते आणि ते त्याचे उत्तर आता पत्नीसमोर देतात.

रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात मात्र त्यांची झोप अजूनही तुटकच असते, आणि ती माझ्या कोणत्याही वहीने जोडली जाणार नाही. सौरऊर्जेवर शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे लोक वीजबिलाच्या आणि सिंचनाच्या हिशोबाने पाहतात. मला ती मानसिक आरोग्याची योजना वाटते, आणि दिवसा वीज मिळालेल्या गावांचा मला हेवा वाटतो. नैराश्यावरचे औषध बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने घ्यायचे असते, म्हणून त्यांचे येणे चालू आहे. फवारणीची औषधे भावाच्या कुलपातच आहेत. मागच्या खेपेला पुढची तारीख देताना त्यांनी खिशातून लाईटचे वेळापत्रक काढले आणि रात्रपाळी संपल्यानंतरचा आठवडा स्वतःच मागून घेतला.