आमची वाटचाल : डुप्लिकेटच आमचं ओरिजिनल

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘रेडिओ, टीव्ही, टेप रिपेअरिंग’ एवढंच लिहिलेलं आहे. रेडिओ आणि टेप आता सणावारी आल्यासारखे येतात. टीव्ही येतात ते मागे डबा असलेले, तेही बहुतेक भंगारवाल्याच्या हातगाडीवरून. पाटीवर ज्याचं नावच नाही त्या टीव्ही गेमवर मात्र आमचं निम्म्याहून जास्त काम चालतं. पाटी बदलायची चर्चा दर दसऱ्याला होते आणि दर दसऱ्याला झेंडूचा हार त्याच पाटीवर चढतो.

दुकान काढलं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. साताऱ्यात, मोती चौकाजवळच्या एका बोळात. १९८२च्या एशियाडनंतर रंगीत टीव्हीचे दिवस सुरू झाले आणि मेकॅनिकला मान आला. लोक घरी न्यायला यायचे, चहा व्हायचा, मग बॅग उघडायची.

टीव्ही गेम आमच्याकडे आला तो तक्रार म्हणून. नव्वदच्या दशकात कुणाचा तरी मामा मुंबईहून गेम आणायचा. तो अँटेनाच्या जागी जोडायचा आणि मग टीव्हीचं चॅनेल फिरवत बसायचं, मारिओ दिसेपर्यंत. पोरं दुपारभर खेळायची. संध्याकाळी सातच्या बातम्यांना वडील टीव्ही लावायचे, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. लगेच अण्णांना निरोप. अण्णा जायचे, अँटेनाची वायर परत लावायचे, फाइन ट्यूनिंगची चकती दोन कण फिरवायचे आणि पैसे घेताना पोराकडे बघायचेही नाहीत. नंतर त्यांनी एक छोटा सरकस्विच बसवून द्यायला सुरुवात केली, एका बाजूला अँटेना, दुसऱ्या बाजूला गेम. तो स्विच इतका खपला की अण्णा म्हणाले, “ज्याच्यासाठी स्विच विकतोय तोच का विकू नये?”

मग मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. मनीष मार्केटमधून गेम आणि कॅसेटी, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग. रात्रीच्या एसटीने जायचं, दुसऱ्या रात्री परत. विकत घेणारे थोडे, म्हणून अण्णांनी गेम भाड्याने द्यायला काढले. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की बोळात रांग. अनामत म्हणून रेशनकार्ड ठेवून घ्यायचो. ड्रॉवर नुसता रेशनकार्डांनी भरलेला असायचा. रेशन दुकानात साखर आली की घरोघरी कार्डाची शोधाशोध व्हायची आणि मग एखादी माउली पदर खोचून आमच्या दारात उभी राहायची. मागे मान खाली घातलेला मुलगा, हातात वायर गुंडाळलेला गेम. अण्णा कार्ड परत द्यायचे आणि त्या दिवसाचं भाडं सोडायचे. तेच मूल चार दिवसांनी परत यायचं, या वेळी आजोबांचं कार्ड घेऊन.

हे गेम डुप्लिकेट होते. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ नावाचा टीव्ही गेम आणला, आणि पुढे तैवानमध्ये त्याच्यासारख्या चालणाऱ्या चिप बनू लागल्या. त्यावर जगभर गेम निघाले. रशियात त्यातलाच एक ‘डेंडी’ म्हणून गाजला, आपल्याकडे कुणाच्या घरी ‘समुराई’, कुणाकडे ‘मीडिया’, कुणाकडे ‘लिटल मास्टर’. निन्टेन्डोचा मूळ डबा मी त्या काळात साताऱ्यात एकदाही पाहिला नाही. कॅसेटीवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. लावली की समुद्र, वर उडणारे पक्षी, संथ सूर, आणि खाली लांबच लांब यादी. प्रत्यक्षात गेम बोटांवर मोजण्याइतके, तेच नाव बदलून आणि पुढच्या लेव्हलपासून सुरू करून पुन्हा पुन्हा घातलेले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एखादा चिवट पोरगा यादीत शेवटपर्यंत जायचाच, न जाणो खाली काही वेगळं निघालं तर.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि दुकानात बसलो तेव्हा माझ्याकडे पहिलं काम आलं ते रिमोटचं. कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. उघडला की खेळणारा कोण ते कळायचं. मारिओला पळवायला बी, कॉन्ट्रामध्ये गोळ्या झाडायला बी, आणि जायचं कायम उजवीकडे. म्हणून बी बटणाखालच्या रबराचं काळं कार्बन आणि उजव्या बाणाखालचं, ही दोन आधी झिजतात. डावीकडचा बाण झिजलेला दिसला की समजायचं, या घरात टँक खेळतात. टँक म्हणजे नामको कंपनीची १९८५ची ‘बॅटल सिटी’. चारी दिशांना फिरायचं आणि खालचा गरुड राखायचा, एकूण ३५ लेव्हल. त्यात स्वतः नकाशा बनवायची सोय होती. साताऱ्यातल्या प्रत्येक मुलाने तिथे एकच काम केलं असणार, गरुडाभोवती पोलादी भिंत.

कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची, ही विद्या सगळ्या घरांत होती. फुंकरीचा गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, तोंडाची वाफ पिनांवर जाऊन उलट गंज चढायचा. आम्ही शाळेचा खोडरबर अलगद घासायचो आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. आजही हेच करतो. तीन दशकांत या कामात कुठलंही नवं तंत्रज्ञान आलेलं नाही आणि त्याची गरजही पडलेली नाही.

थोडे पैसे जमल्यावर अण्णांनी एसटी स्टँडच्या बाजूला एका गाळ्यात दोन उभी मशिनं टाकली. एकावर फायटिंगचे गेम फिरत राहिले, दुसऱ्यावर कायम मुस्तफा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा १९९३चा. खेळाडू चार : जॅक, हॅना, मेस आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा. तिघांना एका वेळी खेळता यायचं, आणि तिघांनाही मुस्तफाच हवा असायचा, कारण पळत येऊन त्याची लाथ. गावात त्या गेमला दुसरं नाव नव्हतं. पोलादी कॉइन टाकल्याचा आवाज आला की बाहेर बसची वाट बघणारे आत डोकवायचे. कॉलेजची पोरं कऱ्हाडची गाडी सोडून द्यायची, पण कॉइन वाया घालवायची नाहीत.

पुढची काही वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. प्लेस्टेशन आलं, सायबर कॅफे आले, मग मोबाइल. त्यातच भारनियमन. मारिओमध्ये सेव्ह नसतं, आठव्या वर्ल्डमध्ये पोचलेल्या मुलाची लाइट गेली की तो दुसऱ्या दिवशी गेम परत आणून द्यायचा. स्टँडजवळचा गाळा सोडला, मशिनं घराच्या पडवीत आली. आम्ही मोबाइलचे चार्जिंग पॉइंट आणि सेट टॉप बॉक्स दुरुस्त करून दिवस काढले. अण्णांनी मात्र गेमचे सुटे भाग विकू दिले नाहीत. पत्र्याच्या डब्यांमध्ये रबरं, वायरी, मॉड्युलेटर, सगळं चिठ्ठ्या लावून ठेवलेलं.

ते डबे उघडले २०२०च्या लॉकडाउननंतर. घरात अडकलेल्या लोकांनी माळे साफ केले आणि माळ्यावर गेम सापडले. ज्यांची रेशनकार्डं आमच्या ड्रॉवरमध्ये असायची, त्यांचीच मुलं आता चाळिशीची. बहुतेकांचा गेम एकाच कारणाने मेलेला. जुना अडॅप्टर हरवलेला, म्हणून वायफायच्या राउटरचा लावून बघितलेला. पिन बसते, म्हणून माणूस फसतो. पण बऱ्याच जुन्या गेमना मधली पिन निगेटिव्ह लागते आणि राउटरच्या अडॅप्टरला ती पॉझिटिव्ह असते, शिवाय व्होल्टही बारा. आतला ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट आवरणारा भाग, जातो, नशीब वाईट असेल तर चिपही. म्हणून हात जोडून सांगतो, माळ्यावरून काढलेला गेम तसाच घेऊन या, आधी ‘चालतोय का’ बघू नका.

आमचा धंदा खऱ्या अर्थाने वळला तो एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीमुळे. पुण्यात आयटीत असलेले गृहस्थ, मूळचे आमच्याच पेठेतले. म्हणाले, “दादा, मोबाइलवर मारिओ घातलाय, पण तो पळतोय. मी म्हातारा झालो की गेम बिघडलाय?” त्यांचा जुना गेम आमच्याकडे दुरुस्तीला होताच. तो टीव्हीला लावला, शेजारी मोबाइल ठेवला आणि दोन्हीकडे पहिली लेव्हल एकदम सुरू केली. मोबाइलवरचा मारिओ पहिल्या पाइपपाशी पोचला तेव्हा आमचा अजून मागे होता. कोजी कोंडोंचं ते प्रसिद्ध संगीत दोन्हीकडे वाजत होतं, आणि दर फेरीला आमचं थोडं आणखी मागे पडत होतं.

कारण साधं आहे. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं, आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत ५०. मारिओ लिहिला गेला साठच्या हिशोबाने आणि त्याची प्रत्येक हालचाल चित्र मोजून होते. आमच्याकडे आलेल्या बहुतेक डुप्लिकेट गेममध्ये ५०वाली चिप, म्हणून सगळा खेळ सहाव्या हिश्शाने हळू. पण त्या चिपचा वेग मूळ चिपच्या जवळपास ठेवलेला, त्यामुळे सूर खाली उतरत नाही. राग तोच, पट्टी तीच, फक्त द्रुतची बंदिश मध्यलयीत. त्यात काही डुप्लिकेट चिपमध्ये आवाजाच्या चौकोनी लहरींचे दोन प्रकार उलटसुलट झालेले असतात, त्यामुळे काही सूर मुळापेक्षा वेगळे, जरा पोकळ लागतात. आपल्या कानात बसलेला मारिओ हा असा आहे.

तेव्हापासून आमचं धोरण ठरलं. गेम ‘ओरिजिनल’सारखा करून द्यायचा नाही, होता तसा करून द्यायचा. आमच्याकडे काम शिकायला आलेला मुलगा एकदा म्हणाला, “काका, साठवाली चिप टाकू, स्मूद चालेल.” चालेल, पण तो गिऱ्हाइकाचा गेम राहणार नाही. पिवळा पडलेला डबाही आम्ही केमिकल लावून पांढरा करत नाही. सांगितलं तरी टाळतो, आणि फारच आग्रह झाला तर पुण्यातल्या दुसऱ्या माणसाचा पत्ता देतो.

टीव्हीचं कामही त्यातूनच परत सुरू झालं. ‘बदकांची बंदूक बिघडली’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. बंदुकीला काही झालेलं नसतं. ‘डक हंट’मध्ये चाप ओढला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत डोळा असतो, त्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच बदक पडतं. ट्यूबलाइटवर नेम धरून फसवता येत नाही ते याचमुळे. ट्यूबच्या टीव्हीवर चित्र तत्क्षणी उमटतं, एलईडी टीव्ही ते आधी तपासून, मोठं करून मग दाखवतो. तेवढ्या उशिरात वेळ टळून जाते. म्हणून आम्ही बंदुकीसोबत १४ इंची जुना टीव्ही देतो. ड्राय सोल्डर मारलेला, एलओटी (ट्यूबला जास्त व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) तपासलेला. ट्यूब उतरलेली, म्हणजे चित्र फिकं पडलेलं असेल तर तो टीव्ही आम्ही विकत नाही, सुट्या भागांसाठी ठेवतो.

आता पार्सलं बाहेरही जातात. न्यू जर्सीतल्या एका सातारकर बाईंकडे निन्टेन्डोने २०१६मध्ये काढलेला छोटा गेम होता, आत ३० खेळ, वायर लावली की सुरू. तरी त्यांनी आमच्याकडून जुना मागवला. का, तर त्या ३०मध्ये टँक नाही, ‘रोड फायटर’ नाही, ‘सर्कस चार्ली’ नाही. ‘सुपर सी’ आहे, पण पहिला कॉन्ट्रा नाही. आणि भावाशी भांडण व्हायचं ते पहिल्या कॉन्ट्राच्या धबधब्यावर. तिथे एकजण भरभर वर चढला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. दोन्ही भाऊबहीण आता अमेरिकेतच आहेत. गेम पोचल्यावर बाईंनी कळवलं की भाऊ अजूनही थांबत नाही.

विकताना आम्ही दोन गोष्टी आधी सांगतो. नव्या कॅसेटीत गेम भरून देत नाही, जुन्या दुरुस्त करतो आणि मिळतील तशा विकतो. आणि दुरुस्तीची हमी तीन महिने, राउटरचा अडॅप्टर लावला तर तीन मिनिटंही नाही.

राहिलं मुस्तफाचं मशिन. हा खेळ घरच्या कुठल्याही गेमसाठी कधी निघालाच नाही, त्यामुळे त्याला पर्याय नाही. कॅपकॉमच्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असते, ती संपली की आवाजाच्या प्रोसेसरची सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि बोर्ड अडतो. आमचा बोर्ड डुप्लिकेट. आवाज फुटका, पण त्यात ती बॅटरीच नाही, म्हणून तो पडवीत इतकी वर्षं धूळ खाऊनही पहिल्या झटक्यात सुरू झाला. गेला आहे तो मॉनिटर, त्याची ट्यूब पार उतरली आहे. २० इंची, सपाट नसलेली, जुन्या टीव्हीची असली तरी चालेल. सातारा, कऱ्हाड, वाई भागात कुणाच्या माळ्यावर असेल तर दुकानावर कळवा. नेण्याचा खर्च आमचा, आणि बसली की पहिले कॉइन देणाऱ्याचे. मंगळवारी दुकान बंद असतं.