आरव्ही घेऊन टेक्ससच्या दक्षिण टोकाला: पक्षी आणि शेजारी

रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी सेकंडहँड आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेतली, २५ फुटी, आणि यंदाचा हिवाळा टेक्ससच्या अगदी खाली, रिओ ग्रान्दे व्हॅलीत काढला. मिनेसोटा, आयोवाकडची रिटायर्ड मंडळी थंडी चुकवायला हजारोंनी इथे येतात, विंटर टेक्सन म्हणतात त्यांना. आम्ही वेस्लाको गावातल्या ५५ प्लसवाल्या (५५ च्या पुढच्यांसाठीच्या) आरव्ही पार्कात महिन्याच्या भाड्यावर राहिलो. आधी ठरवलं होतं दर चार दिवसांनी जागा बदलायची, ते केलं नाही तेच बरं झालं, कारण एकतर महिन्याचं भाडं रोजच्या हिशोबापेक्षा खूप स्वस्त पडतं (विजेचं बिल मात्र बहुतेक ठिकाणी वेगळं, मीटरप्रमाणे, आधी विचारून घ्या) आणि दुसरं म्हणजे चार दिवसांत ना पक्षी कळतात ना माणसं.

पहिल्याच आठवड्यात रात्री नॉर्दर आला, म्हणजे उत्तरेचं थंडगार वारं, तासाभरात पारा धाडकन खाली. ऑनिंग, म्हणजे गाडीचं बाहेर उघडणारं कापडी छप्पर, बाहेरच राहिलं होतं, त्याचा एक दांडा वाकला. सकाळी बघते तर शेजारचे नेब्रास्काचे शेतकरी काका, वय ७८, शिडी आणि टूलबॉक्स घेऊन दारात. दांडा सरळ होईपर्यंत मी आल्याचा चहा टाकला, काकूही आल्या, त्यांच्या गळ्यात दुर्बीण. पहिलाच प्रश्न, पाउराके बघितलात का?

नव्हता बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर एस्टेरो यानो ग्रान्दे स्टेट पार्कात गेलो. पाउराके म्हणजे आपल्याकडच्या रातव्याचा भाऊबंद. काकू बोट दाखवून सांगतायत, तो ओंडका, त्याच्या डावीकडे वाकडी काटकी, तिच्या खाली. मला नुसता वाळका पाचोळा दिसतोय. पाच मिनिटं गेली असतील, आणि मग त्या पाचोळ्यातल्या एका पानाने डोळा किलकिला केला. सहा-सात फुटांवर अख्खा पक्षी बसलेला होता! मी काकूंचा हात घट्ट धरला, अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तिथून पुढे रोज सकाळी आम्ही चौघं. ग्रीन जे तर फीडरवरच येतो, कावळ्याच्या कुळातला पण निळं डोकं, काळा गळा, हिरवीगार पाठ, अमेरिकेत फक्त दक्षिण टेक्ससमध्ये दिसतो. कोंबडीएवढे चाचालाका पहाटे असा काही कलकलाट करतात की अलार्म लावायची गरज नाही. आणि खंड्याच्या तीन जाती एकाच भागात! काकूंना खंड्या हा शब्द इतका आवडला की त्यांनी वहीत लिहून घेतला, मग रोज विचारायच्या, ह्याला मराठीत काय म्हणतात? स्पूनबिलला चमचा म्हणतात कळल्यावर किती खूश झाल्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. जागा उन्हाळ्यातच बुक करा. ६२ पूर्ण असतील आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर केंद्र सरकारच्या उद्यानांचा आणि अभयारण्यांचा सीनियर पास घ्याच, ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा, इथल्या सांता आना रेफ्यूजला (अभयारण्याला) चालतो, टेक्ससच्या स्टेट पार्कांना नाही, तिथलं तिकीट वेगळं. सांता आनाला हिवाळ्यातही डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. उत्तरेकडे परतताना हायवे ७७ किंवा २८१ वर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, हाताशी ठेवा, भारतातून आलेले पाहुणे बरोबर असतील तर त्यांचेही. दुर्बीण ८ बाय ४२ची पुरते. मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं ते छानच आहे, पण सगळ्यांच्या मधे उभं राहून फोनवर आवाज वाजवू नका, पक्षी बिथरतात आणि माणसंही दुरावतात. स्टेट पार्कातल्या गाइडबरोबरच्या वॉकला मात्र जाच, आमच्या निम्म्या ओळखी तिथल्या.

परतीच्या वाटेवर दोन्ही गाड्या पुढेमागे ठेवून रॉकपोर्टला गेलो, गूज आयलंड स्टेट पार्कात मुक्काम, आणि सकाळच्या बोटीने अरान्सास अभयारण्यातले हूपिंग क्रेन, म्हणजे दुर्मिळ पांढरे क्रौंच. १९४१ मध्ये इथे जेमतेम १५-१६ उरले होते, आज ५०० च्या वर आहेत, कॅनडातून सुमारे ४००० किलोमीटर उडून हिवाळ्याला येतात. दलदलीत एक जोडी आणि त्यांचं तांबूस पिल्लू. आईने निळा खेकडा पकडला, आपटून त्याचे पाय तोडले आणि पिल्लासमोर धरला. बोटीवर पन्नासेक माणसं असतील, कोणी बोलेना. काका डोळे पुसत होते.

निघताना काकांनी कागदावर शेताचा नकाशा काढून दिला. त्यांचं शेत प्लॅट नदीजवळ आहे, मार्चमध्ये तिथे लाखो सँडहिल क्रेन उतरतात. पुढच्या मार्चला आम्ही जाणार, धान्याच्या कोठाराशेजारी आमच्यासाठी ३० अँपचा विजेचा पॉइंट काढून ठेवतायत ते.