सहा फुटांवरचं बटण

सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंकडे मी मनगटाच्या व्यायामासाठी जात होते. वय 78, यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. रात्री मोरीकडे जाताना पडल्या, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर त्यांना फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे पाठवलं होतं.

पहिल्या तीन भेटी बाहेरच्या सोप्यातच झाल्या. मूठ, बोटं, स्पंजचा चेंडू, मग चहा. "अंधारात पाय अडकला," हे त्यांचं उत्तर मी कागदावर उतरवलं आणि पुढे गेले. आत जाऊन पाहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

चौथ्या भेटीत म्हटलं, "काकू, त्या रात्री उठून कशा गेलात, ते करून दाखवा."

"आत्ता? भर दुपारी?"

"खिडक्या लावून घेऊ."

बीपीची गोळी चालू असूनही त्या उठल्या त्या तडक चालायलाच लागल्या. दिव्यासाठी हात वर केला, तो खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला. बटण सहा फुटांवर. मग त्यांनी पलंगाखालचा चौरंग पायानं पुढे ओढला आणि माझ्यादेखत त्यावर चढल्या. मी धावत जाऊन धरलं.

"रोज चढता?"

"संध्याकाळी एकदाच गं. रात्री अंधारातच जाते, पावलं मोजत. अकरा होतात."

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. या घरात पाणी छातीला लागलं होतं. पूर ओसरल्यावर मुलानं सगळे बोर्ड वर घेतले, मोरीच्या दाराला सहा इंचांचा उंबरा बांधला, रोजचे डबेही उंच फळीवर गेले. पुराच्या दृष्टीनं त्यातलं काहीच चुकलं नव्हतं. पण तेव्हा काकूंचा हात वर जात होता.

मी म्हटलं, बोर्ड खाली घेऊ. त्या ठाम नाही म्हणाल्या. "घरात शिरलेलं पाणी तू पाहिलंयस का?" मी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे बोर्ड जिथे होता तिथेच ठेवून मार्ग काढायचा ठरलं.

वायरमननं मोठ्या दिव्याला रिमोट बसवून दिला, तो उशाशी खिळ्याला अडकवला. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला घोट्याच्या उंचीवर तीन चार्जिंगचे दिवे लावले. पाय जमिनीला टेकला की आपोआप लागतात, आणि वायर नसल्यानं पाणी यायच्या आधी हातानं काढता येतात. जुन्या लुगड्याची पायपुसणी उचलली, ती फरशीवर सरकत होती. उंबऱ्याच्या कडेला पिवळी पट्टी मारली. डबे कमरेच्या उंचीवर आणले.

वेळ गेला तो मोरीतल्या दांडीत. आधी तिथे टॉवेलची दांडी होती आणि काकू तिलाच धरायच्या. ती माणसाचं वजन पेलत नाही, एका हिसक्यात निघते. नवी बसवायला गवंड्यानं ड्रिल लावलं तर भोकातून नुसती माती गळली. विटांची, पण मातीत बांधलेली जुनी भिंत. स्क्रू धरणारच नव्हता. शेवटी भिंतीतून आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आवळल्या. काकूंनी हात लावायच्या आधी मी स्वतः त्या दांडीला लोंबकळून पाहिलं.

उठण्याची सवय मात्र दांडीसारखी बसवता येत नाही. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. आडवं असताना ठीक असलेला बीपी एकदम उभं राहिल्यावर खाली येऊ शकतो. काकूंनी त्यावर स्वतःच तोड काढली. बसल्याबसल्या रामरक्षेतले चार श्लोक म्हणतात, मगच उठतात.

यंदा पावसाळ्यात नदी चढायला लागली तेव्हा त्यांचा फोन आला. पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला यायच्या आतच त्या विश्रामबागला भाचीकडे निघाल्या होत्या.

"दिवे तिन्ही काढून पिशवीत घेतलेत. तिच्याकडे पण मोरीच्या वाटेला लावायचेत."