पितळेची बॉडी मऊ वाजते म्हणून विकायला आणलेली गिटार

गेल्या मार्चमध्ये एक आजोबा दुकानात आले, सत्तरीच्या पुढचे, दोन्ही हातात एकेक गिटारची केस, आणि केस खाली ठेवायच्या आधीच म्हणाले मला ही विकायचीये, किती येतील सांग. केस उघडली तर आत रेझोनेटर गिटार, पितळेची बॉडी, वरून निकेलचं पाणी चढवलेलं, पाठीवर ताडाची झाडं कोरलेली, आरशासारखी लख्ख. मी म्हटलं एवढी सुंदर गिटार का विकताय? तर म्हणाले पितळेची बॉडी मऊ वाजते हे मला आधी कुणी सांगितलंच नाही, माझ्या मित्राची स्टीलची ऐक कशी भुंकते. दुसऱ्या केसमध्ये ती मित्राची होती, दाखवायला मागून आणलेली. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून त्यांनी ही पितळेची घेतली होती, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा इतका उतरलेला की मला पुढे काही विचारवेना.

मी मूळचा मिरजेचा. आता बारा वर्षं झाली, लॉस एंजेलिसला गिटार रिपेअरच्या दुकानात बेंचवर काम करतो. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांकडे तंबोऱ्यांना पॉलिश मारायचो, तेव्हापासून हात वाद्यांवरच आहे. मिरजेतही हीच चर्चा कायम चालायची बरं का, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा जाड सालीचा बरा की पातळ, तुनाचं लाकूड किती मुरलेलं पाहिजे वगैरे, त्यामुळे कुठल्या वस्तूचं वाद्य कसं वाजतं हा प्रश्न मला आजही मनापासून आवडतो.

ज्यांना रेझोनेटर गिटार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डायर स्ट्रेट्स या रॉक बँडच्या १९८५ च्या अल्बमच्या कव्हरवर आभाळात तरंगणारी चकचकीत धातूची गिटार आहे ना, ती. साध्या अकूस्टिक गिटारमध्ये वरची लाकडी पाटी थरथरते आणि आवाज करते, हिच्यात ते काम ॲल्युमिनियमचा एक पातळ कोन करतो, स्पीकरमध्ये असतो तसा, साडेनऊ इंच व्यासाचा, हातात घेतला तर वजन जाणवतही नाही. कोनाच्या टोकावर लाकडाची गोल चकती बसते, तिला बिस्किटच म्हणतात, त्यात सॅडल म्हणजे तारा टेकायची बारीक पट्टी, सॅडलवर तारा. वरून जाळीची कव्हरप्लेट. तारेचा सगळा जोर त्या कोनावर.

आणि हे वाद्य जन्मलं आमच्याच शहरात. स्लोव्हाकियाहून आलेले जॉन डोपिएरा यांनी इथे १९२७ मध्ये नॅशनल या नावाच्या पहिल्या गिटारी बनवल्या, त्यात सहा-सहा इंचाचे तीन कोन आणि जर्मन सिल्व्हरची बॉडी. तेव्हा ॲम्प्लिफायर नव्हते, हवाईयन संगीताची लाट होती, बँडमध्ये गिटार ऐकूच यायची नाही म्हणून हा सगळा खटाटोप. जर्मन सिल्व्हर म्हणजे आपल्याकडे पूजेची ताटं मिळतात तेच, नावात सिल्व्हर असलं तरी चांदी औषधालाही नाही, तांबं, निकेल आणि जस्त. मग एका कोनाच्या स्वस्त गिटारी आल्या, त्यातलं एक मॉडेल आधी लाकडात निघालं आणि पुढे स्टीलमध्ये गेलं, १९३० च्या सुमारास ड्युओलियन आली ती रंग मारलेल्या स्टीलची, सगळ्यात स्वस्त. पत्रे दाबून बॉड्या बनायच्या त्या ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या वर्कशॉपमध्ये. म्हणजे कुठला धातू वापरायचा याच्यामागे आवाजाइतकाच पैशाचाही हिशोब होता, स्टील परवडायचं. आणि मिसिसिपीकडच्या ब्लूजवाल्यांना, म्हणजे तिथलं कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत वाजवणाऱ्यांना, तेच परवडलं, बुका व्हाइटच्या हातात ड्युओलियन होती, सन हाउसही स्टीलचीच नॅशनल वाजवायचे, तो आवाज लोकांच्या कानात बसला आणि स्टील म्हणजे खरा ब्लूज, पितळ म्हणजे गोड, असं समीकरण होऊन गेलं. माझं स्पष्ट मत आहे की यातलं निम्मं डोळ्यांनी ऐकलेलं असतं.

तर आजोबांना मी म्हटलं, किंमत नंतर बोलू, आधी वाजवून दाखवा. त्यांनी अनामिकेत काचेची स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवायची नळी, घातली आणि ओपन जी ट्युनिंगमध्ये, म्हणजे मोकळ्या तारांवरच जी कॉर्ड वाजेल अशा लावून, दोन्ही गिटारी आलटून पालटून वाजवल्या. हात काय सुरेख होता त्यांचा! आणि ते म्हणत होते ते खरंच होतं, स्टीलची खणखणीत होती आणि पितळेची गोधडीत गुंडाळल्यासारखी. पण मला ते मऊ नाही वाटलं, आजारी वाटलं. मऊ आवाज सगळीकडे सारखा मऊ असतो, ही एका सुराला बरी वाजायची, दुसऱ्याला बसायची, आणि खालच्या जी तारेला आत कुठेतरी बारीक खर्रर्र येत होती. मी पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकलं तर परातीसारखा घुमला पत्रा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण धातूची बॉडी जुळलेली असताना अशी घुमायला नको.

त्यांना म्हटलं दोन्ही ठेवून जा, मित्राला विचारा त्यांची उघडली तर चालेल का. त्यांनी तिथूनच फोन लावला, मित्र हो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी तारा सैल करून पितळेची कव्हरप्लेट काढली. कोनाला हात लावला तर तो निघेना. एका बाजूनं अर्ध्या कडेला कुणीतरी सिलिकॉन भरलेलं, आपण बाथरूमच्या टाइल्सना भरतो तसलं पांढरं. आधीच्या कुठल्यातरी रिपेअरवाल्यानं खरखर बंद करायला भरलं असणार, कोण ते आजोबांनाही माहीत नव्हतं, गिटार सेकंडहँड होती. मला फार राग आला खरं सांगतो. हा कोन बॉडीतल्या गोल कडेवर नुसता ठेवलेला असतो, तारांच्या दाबानंच तो बसतो, त्याला चिकटवणं म्हणजे तबल्याच्या पुडीवर अर्ध्या भागात डिंक ओतण्यासारखं आहे. लाकडाची पट्टी घासून टोकदार केली आणि तासभर ते सिलिकॉन खरवडत बसलो, धातूचं काही वापरलं असतं तर कोनाची कड वाकली असती.

कोन निघाल्यावर आतून एक लाकडी ठोकळा टुणकन घरंगळला. हाच तो खर्रर्रवाला. या गिटारींमध्ये नेकची लाकडी दांडी बॉडीच्या आतून आरपार जाते, आणि ती दांडी आणि पाठीचा पत्रा यांच्यामध्ये छोटे छत्रीसारखे ठोकळे दाबून बसवलेले असतात, इकडे मशरूमच म्हणतात त्यांना. त्यांच्यामुळे पाठ दाबात राहते. इथे एक निखळलेला, म्हणून पाठ मोकळी झालेली, म्हणून ती परातीसारखी घुमत होती आणि खालच्या सुरांचा जीव ओढून घेत होती. म्हणजे बघा, बॉडीचा दोष होताच, पण तो पितळेचा नव्हता, आधार सुटलेल्या पत्र्याचा होता! स्टीलच्या गिटारमधला हाच ठोकळा निखळला असता तर तिनेही हेच केलं असतं.

अजून एक गोष्ट बाकी होती. कोन जिथे टेकतो ती कड सपाट आहे का ते बघायला मी पातळ कागदाची पट्टी घेतो, कोन ठेवून वरून हलका दाब द्यायचा आणि कागद कडेखाली सरकतो का ते गोल फिरत बघायचं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज, काढताना घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जातात आणि नेमक्या एका जागी आवाज खुलतो, ते बघत मी मोठा झालो, त्यामुळे हा कागद सरकवताना माझा श्वास आपोआप हळू होतो. पट्टी एका ठिकाणी सरळ आत गेली. शेजारीच पत्र्याच्या जोडाला दिलेला डाग टेंगळासारखा वर आलेला, म्हणून कोन तिथे उचललेला, म्हणून खरखर, म्हणून सिलिकॉन. सगळी साखळी उलगडली. एमडीएफच्या गोल तबकडीला पॉलिश पेपर चिकटवला आणि कडेवर ठेवून हळूहळू फिरवत राहिलो, दर दहा-बारा फेऱ्यांनी कागद, परत फिरव, परत कागद. रात्री साडेनऊला कागद कुठेच जाईना. मशरूम बसवला, पाठीवर ठोकलं, ठक्क. घुमणं बंद.

आता इथे माझ्या डोक्यात किडा वळवळला की गिटार बरी झाली, पण मग पितळ आणि स्टीलचा फरक खरा किती? इतकी चांगली संधी परत कधी येणार. दुकानात प्लायवूडच्या बॉडीची एक बिस्किटवाली विक्रीला पडलेलीच होती, तिलाही साडेनऊचाच कोन. मालकांना विचारलं आणि शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर आम्ही तिघं थांबलो, मी, बेंचवरचा जोडीदार आणि काउंटरवरची मुलगी, जिचे कान आमच्या सगळ्यांत तिखट आहेत. आजोबांनाही बोलावलं. एकच नवा कोन, एकच बिस्किट, एकाच जाडीच्या नव्या तारा, आणि तोच कोन तिन्ही गिटारींत फिरवायचा. एका बदलाला पाऊण तास लागतो आणि तेवढ्या वेळात आधीचा आवाज कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून माइक एक मीटरवर ठेवून रेकॉर्डिंग केलं, वाजवणारे आजोबाच, प्रत्येक गिटारवर तेच सहा तुकडे. मग उलटसुलट क्रम लावून मी प्ले करत गेलो आणि ते तिघं भिंतीकडे तोंड करून बसले.

प्लायवूड सगळ्यांनी ओळखलं, एकदाही चुकले नाहीत. सुराची सुरुवात कमी टोकदार, वरचा चरचरीतपणा कमी, आवाज जवळ येऊन संपणारा. त्याला कारणही आहे, लाकूड थोडं लवतं आणि थरथर आतल्या आत जिरवतं, कोनाची कड ज्या बॉडीवर टेकलीये तीच थोडी हलली तर तेवढा जोर वाया जातो. धातूची बॉडी कड घट्ट धरून ठेवते आणि वरचे सूर परत फेकते. पण हेही सांगायला पाहिजे की ती लाकडी बॉडी बाकी दोघींपेक्षा जरा खोल होती आणि तिची भोकंही वेगळ्या आकाराची, त्यामुळे आतली हवा वेगळी बोलते, सगळा फरक लाकडाच्या नावावर टाकणं मला पटत नाही.

स्टील आणि पितळ मात्र... आजोबांचे दहातले पाच बरोबर, जोडीदाराचे चार, मुलीचे सहा. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. स्टील पितळेपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असतं आणि पितळ वजनाला थोडं जड, त्यामुळे फरक शून्य असेल असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला स्टीलच्या सुराची शेपूट किंचित लवकर तुटल्यासारखी वाटली, पण मला कुठली वाजतेय हे माहीत होतं, त्यामुळे माझ्या कानाची साक्ष धरू नका. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी साध्या अकूस्टिक गिटारींवर असा प्रयोग नीट केलाय, पाठ आणि बाजूंचं लाकूड सोडलं तर बाकी सारख्या सहा गिटारी, बावन्न वादक, मंद उजेडात वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवलेल्या, आणि महागडं लाकूड स्वस्तापेक्षा सरस असं काही त्यांना आढळलं नाही. आमची तर चार जणांची दुपार होती. पण जे गिऱ्हाईक येऊन विचारतं की पितळ घेऊ का स्टील, त्याला मी आता आधी हेच सांगतो की धातू की लाकूड ते ठरवा, तो फरक खरा आहे, पण दोन धातूंमध्ये निवडायचं असेल तर कोन कुणी बनवलाय, कड सपाट आहे का, पाठीला आतून आधार आहे का, सॅडलवर तारांचा दाब किती, हे बघा आणि मग जी दिसायला आवडेल ती उचला.

निकाल सांगितला तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग पितळेची मांडीवर घेतली, त्यात आता तो नवा कोन होता, आणि खालची जी तार नुसतीच छेडली. अख्ख्या दुकानात तो सूर उभा राहिला, भिंतीवर टांगलेल्या गिटारींच्या तारा त्याच्याबरोबर हुंकारायला लागल्या. त्यांनी हात ठेवून तार बंद केली आणि परत छेडली. तीन-चार वेळा असंच, दुसरं काही वाजवलंच नाही. मुलगी हळूच मला म्हणाली, रडतायत ते. मी बेंच आवरायला घेतला.

किमतीचा विषय परत निघाला नाही. जाताना त्यांनी रेकॉर्डिंग मागितली, म्हणाले नुसते अ, ब, क असे लिहून दे, कुठली कुठली ते सांगू नकोस, मी घरी आठवडाभर ऐकतो. गुरुवारी फोन आला. लाकडाची बरोबर ओळखली होती, बाकी दोन उलट्या. खरं कुठलं कुठलं ते सांगितलं तर म्हणाले थांब, लिहून घेतो, मित्राला उद्या ऐकवायचंय, आणि त्याची स्टीलची कधी आणू, तिलाही तू तो कागद सरकवून बघ.